जुन्या शिक्क्याचा दाखला

माझी शाळा लवकर सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द पोटात घाला. ग्वाल्हेर संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या लश्कर शहरातल्या दाना ओली मोहल्ल्यातला माझा मित्र बाळू आणि मी ऋषिकेशहून पायी बद्रीनाथला निघालो. त्यासाठी कॉलऱ्याची सुई घेतल्याचा दाखला लागायचा. दवाखान्यात नवा शिक्का आला होता, पण बाळूनं हट्टानं दोघांच्या दाखल्यांवर जुना, संस्थानाचाच मारून घेतला. म्हणाला, "जुन्याचा रुबाब वेगळाच, भाऊ."

बारा दिवस डोंगर चढून शेवटच्या चौकीवर पोचलो, तर हवालदार आमचे दाखले बघून म्हणाला, "ये रियासत तो खतम हो गई. वापस जाओ."

एरवी तोंड न मिटणारा बाळू माझ्या मागे सरकला. मी परक्यांशी बोलायला लाजतो, पण इतकं चालून परत फिरायचं म्हणजे काय? मी बाही वर केली. "हवालदारसाहब, रियासत खतम हुई, पर सुई तो बदन में है. भरोसा न हो, तो दूसरी लगा दो."

तो हसला आणि बाजूला झाला. संध्याकाळी बद्रीनाथ गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तप्तकुंडात अंघोळ केली. पंड्यानं गाव विचारलं, तेव्हा बाळूच्या आधी मीच मोठ्यानं सांगितलं, "लश्कर, मध्य भारत."