सदऱ्याची चावलेली बाही

चहा गार करू नका, पिता पिता ऐका. निजामाच्या काळात मी जालन्याच्या एका बोर्डिंगात मास्तर होतो. पोरं तीस, अन् सगळ्यांचे सदरे एकाच ताग्यातले. पोरांचं जेवण अन् धुणं भागाबाई बघायच्या. त्यांना अक्षर वाचता येत न्हवतं, आकडे तेवढे कळायचे.

हैदराबादेहून तपासणीला आलेले साहेब दोरीवरचे सदरे बघून म्हणाले, "किसका कौनसा, कैसा मालूम होता? सबपे नंबर डालो."

मी लगेच मान डोलावली. भागाबाईंनी मात्र एक सदरा काढून साहेबांच्या हातात दिला.

"हा आष्टीच्या गणूचा. नवा आल्ता तवा घरच्या आठवणीनं बाही चावायचा. तीनदा शिवली मी. मंग त्याला जेवताना रोज माझ्याजवळ बसवलं. आता दोन धुणी झाली, टाका तसाच हाय."

"बराबर है, लेकिन नंबर डालने में क्या हर्ज है?"

"नंबर घातल्यावर मी नंबरच बघीन, साहेब. मंग बाही कोन बघंल?"

साहेबांनी तो सदरा आपल्या हातानं परत दोरीवर वाळत घातला. नंबराचं पुन्हा कुणी बोललं न्हाई.

कागदावर भागाबाई माझ्या हाताखाली होत्या. पण कुणी विचारलं तर मी सांगतो, मी भागाबाईंच्या हाताखाली तयार झालो.