ढकलगाडीची परीक्षा

गौरवने वर्कशॉपात बनवलेली पहिलीच ढकलगाडी फोपनारच्या केळीच्या गोदामात गेली होती. बऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर रांगेत पुढे उभे असलेले त्या गोदामाचे मालक आणि एक बाई तिच्याबद्दलच बोलू लागले, तसा त्याचा जीव टांगणीला लागला.

“निंबाभाऊ, नवी ढकलगाडी कशी हाय?”

“दुकानदार म्हणे, कितीबी वजन टाका. पण मालूबाई, मी तपासल्याबिगर काही घेत नाही.”

“मंग?”

“दगडं भरली, ट्रॅक्टरले बांधली, अन् गावच्या रस्त्यानं खड्ड्याखड्ड्यातून पळवली.”

“अरे देवा! मोडली?”

“छे! एक सांधा हालला नाही. आणखी दोन घेतो.”

गौरवने श्वास सोडला.

“मंग आज बसनं कायले फिरता? ट्रॅक्टर कुठं हाय?”

“एक्सल तुटून त्याच रस्त्यावर पडलाय. तो कुठं तपासून घेतला होता?”