बारा वर्षांची ओटी

संत्या समोरच बसलाय, तरी सांगतो. उठून जाऊ नको रं!

खालापूरची आमची कंपनी बंद पडली, तेव्हा आम्ही दोघं कर्जतला एका नव्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयच्या मुलाखतीला गेलो. संत्या बायकोला सांगून आलेला, नोकरी घेऊनच येतो. मेट्रनबाईंनी दोघांना एकदमच आत बोलावलं आणि संत्याला विचारलं, "ओटीत काम करायची तयारी आहे?"

संत्याचा चेहरा असा खुलला! "मॅडम, बारा वर्षं तेच केलंय. रोज चार तास ओटी. रविवारी तर आख्खा दिवस!"

"अरे वा! काय काय करायचात?"

"साच्यातनं बादल्या काढायचो."

बाईंनी चष्मा काढला. "बादल्या?"

मी त्याला कोपरानं ढोसलं. "अरे, त्या ऑपरेशन थिएटरचं विचारतायत. ओव्हरटाइमचं नाय!"

बाईंनी हसू दाबलं. "बरं, रक्त बघून चक्कर येते का?"

"काय माहीत मॅडम, बादलीतनं कधी आलं नाय."

आता बाई खो-खो हसायला लागल्या. आणि घेतलं कुणाला? यालाच! ओटी म्हणजे काय हे माहीत असलेला मी अजून घरी बसलोय.

परवा विचारलं, "काय संत्या, बरं चाललंय ना?"

तर तोंड पाडून म्हणतो कसा, "काय सांगू रं, दिवसभर ओटीत असतो, पण ओटी काय मिळत नाय!"