हुडीची टोपी

जानेवारीतल्या गार सकाळी बोरीवलीच्या बस स्टॉपवर सासू-सून मुलुंडच्या बसची वाट बघत होत्या. बाकावर शेजारी बसलेल्या दर्शनाची बस आली नि गेली, पण तिचे कान या दोघींकडेच लागलेले.

“टी-शर्ट, वर हुडी, त्याच्यावर जॅकेट! ऋतिका, नुसता कांदा झालाय गं तुझा.”

“आत्ता थंडी, अकराला ऊन. एकेक काढत जायचं, आई. तुम्हीच कुडकुडताय साडीत.”

“माझं सोड. मुलुंडला मोठ्या काकांसमोर सुनेच्या डोक्यावर पदर लागतो, ठाऊक आहे ना?”

“ही घेतली बघा हुडीची टोपी. पदरासारखी घसरत पण नाही.”

“चेष्टा नकोय मला.”

“चेष्टा नाही. तुमचा लेक आकाश पण ऑफिसातून थेट तिकडे हुडीच घालून येतोय. त्याला कोण सांगणार, डोकं झाक म्हणून?”

“तो घरातला मुलगा आहे.”

“आणि मी? तुम्ही? तीस वर्षं झाली ना तुम्हाला या घरात?”

“बत्तीस. मे महिन्यात घामाच्या धारा लागायच्या, पण पदर पडू दिला नाही कधी.”

“मग?”

“मग काय? ते जॅकेट दे इकडे. गारठलेय मी.”

“साडीवर? काका काय म्हणतील?”

“म्हणू देत. तुझे कान गार पडलेत का?”

“नाही.”

“मग ती टोपी आधी खाली कर. थंडी वाजली तर घे. काकांसाठी नको.”