शेवटच्या चेंबरचे झाकण उचलल्याबाबत

जबाब

नाव : गल्लीत सगळे लाँड्रीवाल्या वहिनी म्हणतात. वय : ४६ वर्षे. धंदा : कपडे धुऊन, इस्त्री करून देणे. राहणार : पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटचे घर. दुकान घरातच.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी व माझी धाकटी जाऊ मिळून लाँड्री चालवतो. आमच्या गल्लीचे सांडपाणी घरामागच्या शोषखड्ड्यात जाते. खड्डा भरला की तेच पाणी मोरीतून उलटे वर येते. यंदा ते गिऱ्हाइकांच्या धुतलेल्या चादरींपर्यंत आले. चादरी आम्ही भरून दिल्या.

मलनिस्सारण कर मात्र आम्ही पाच वर्षे भरतो. गल्लीत चेंबरची झाकणे बसली तेव्हापासून तो लागला. पालिकेची पद्धत अशी की, ज्या घरासमोर झाकण ते घर गटाराला जोडलेले. माणूस मोटारसायकलवरून येतो, झाकणे मोजतो आणि जातो. पाय खाली टेकत नाही.

काल पालिकेच्या सभागृहात हा कर वाढवण्याबाबत सुनावणी होती. मी व जाऊ दुकान बंद ठेवून गेलो. गटार खात्याच्या अभियंत्यांनी, ज्यांना आमची गल्ली झाकणसाहेब म्हणते, तीन पर्याय पडद्यावर दाखवले. पहिला, सर्व घरांना सारखी वाढ. दुसरा, घरातील संडासांच्या संख्येवर. तिसरा, वापरलेल्या पाण्यावर. वाढ न करण्याचा पर्याय नव्हता. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण म्हणून वीट कोणी डोक्यात घालून घेत नाही. आमचा धंदा पाण्याचाच. तिसरा पर्याय आला तर दुकानाला कुलूप लागेल, असे मी उभी राहून सांगितले.

साहेब म्हणाले, "ताई, सेवा वापरायची तर पैसे नकोत का द्यायला?"

मी म्हणाले, "कुठली सेवा? आमच्याकडे गटारच नाही."

"तुमच्या दारात चेंबर आहे. रेकॉर्डला आहे."

"मग येऊन उघडून बघा."

"एकेक झाकण उघडत फिरायला मी रिकामा बसलोय का?"

लोक हसले. मला राग आला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी घरी आलो व पहारीने आमच्या दारातले झाकण उचलले. खाली कडेपर्यंत माती भरलेली होती. पाइप नव्हता. पहार खुपसली तर दगडाला लागली. जाऊ आत उभी राहिली, तिचे घोटेसुद्धा झाकले नाहीत. चेंबर उघडे टाकल्याने कोणी पडले असते, असे साहेबांच्या तक्रारीत लिहिले आहे. पडायला खड्डा लागतो.

कपड्यांच्या हातगाडीवर झाकण घालून आम्ही सभागृहात नेले. जेवायला गेलेली माणसे अजून परतली नव्हती, तरी साहेबांनी काम सुरू केले होते. तिसऱ्या पर्यायाला कोणाची हरकत असल्यास हात वर करा, असे ते म्हणाले. आम्ही दारातच होतो व दोघींचे हात झाकणाला होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, "हरकत नाही" म्हणाले आणि पान उलटले.

त्यावर मी झाकण त्यांच्या टेबलावर ठेवले. टेबलाची काच फुटली. आपटले नाही, ठेवले. आपटले असते तर टेबल राहिले नसते.

साहेबांनी माझ्यावर झाकणाच्या चोरीची तक्रार दिली. आमच्या दारातली माती पाच वर्षे गटार म्हणून विकणारा तक्रारदार आणि मी चोर. आज ठाण्यात मी हवालदारसाहेबांना विचारले की, गुन्हा दाखल झाला तर पुढे काय होते. ते म्हणाले, "जागेचा पंचनामा होईल. झाकण कुठून उचललं, खाली काय होतं, सगळं पंचांसमोर लिहावं लागेल." साहेब शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी पाणी मागितले.

नंतर ते मला म्हणाले, "जाऊ द्या ताई. झाकण होतं तिथं बसवून टाका, मी तक्रार मागे घेतो. तुम्ही बायामाणसं, कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढताय?"

जाऊ माझ्या कानाशी लागली, "वहिनी, घ्या ना मिटवून. केस लागली तर दुकान कोण बघणार?"

मी तिला म्हणाले, "मिटवलं तर बघायला दुकान राहील का?" ती रडत होती.

तरी माझे म्हणणे असे की, झाकण मीच उचलले व मला ते कबूल आहे. तक्रार मागे घेऊ देऊ नये. माझ्यावर गुन्हा दाखल करावा आणि पंचनामा आजच्या आज करावा. उद्यावर टाकू नये. पाच वर्षांत जो पाइप आला नाही, तो हे लोक एका रात्रीत आणून पुरतील.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "रागाच्या भरात उचलले" असे होते, तिथे "विचार करून उचलले" असे लिहायला लावले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. राग आहेच.