मास्तरांच्या घरी शिकवणी

नाही हो बाई, लहान मूल नाही या घरात. शिकायचंय ते मला. किराणावाल्याला मी एवढंच म्हटलं होतं, पहिलीच्या इंग्रजीची शिकवणी घेणारं कुणी असेल तर पाठव — कुणाला शिकवायचं ते मुद्दामच नाही सांगितलं, सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का? हसा, हसून घ्या. चौथी शिकलेली बाई, केस पिकायला लागलेत, आणि आता म्हणे ए फॉर ॲपल. बसा. त्या बाकावर नको, तो डुगडुगतो — त्यावर ढ पोरं बसायची, मास्तर मुद्दाम बसवायचे, पडली की बाकीची हसायची. मास्तर म्हणजे आमचे हे. आतल्या खोलीत आहेत. हो, तेच, इंग्रजीचे. अर्ध्या वस्तीनं याच खोलीत एबीसीडी घोकलीय. तुमचे वडीलही? बघा. मग आता मनात म्हणाल, ज्या घरात मास्तर त्या घरात बाहेरची बाई कशाला — दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, दुसरं काय.

आंघोळीला म्हणून गेले आणि तिथेच कोसळले. डोक्यात रक्त साकळलं. हातपाय शाबूत आहेत, चालतात — चालतात म्हणजे काय, उठलं की दार गाठतात — पण बोलणं गेलं. आपलं बोलणं, आईकडून शिकलेलं, ते पार पुसलं गेलं. मी म्हणते, जेवायला चला, तर ते माझ्याकडे असे बघतात जशी मी पाण्याखालून बोलतेय. आणि राहिलं काय? तर पहिलीचं इंग्रजी! धिस इज अ कॅट, दॅट इज अ डॉग. डॉक्टर म्हणाले, भाषा गेली, पाठांतर राहिलं, होतं असं कुणाकुणाचं. मी म्हटलं, डॉक्टर, बायकोचं नाव तेवढं पाठ करायचं राहिलं वाटतं त्यांचं. डॉक्टरांना हसावं की नको ते कळेना.

आणि मला हे कळलं कसं, माहितीये? शेजारची चिमुरडी. जिन्यात बाहुल्या मांडून शाळा-शाळा खेळत होती. हे निघाले होते दाराबाहेर, मी ओरडतेय, अहो थांबा, अहो बसा, कुणाला सांगतेय — आणि ती कार्टी तिच्या बाहुलीला खेकसली, सिट डाऊन! हे मटकन खाली बसले. पायरीवरच. मी दारात उभी. माझं आयुष्य गेलं या माणसाला बसा-उठा म्हणण्यात, कधी ऐकलं नाही, आणि बाहुलीला सांगितलेलं ऐकलं.

म्हणजे मला इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही बरं का. ही भिंत बघा, पलीकडे माझं स्वयंपाकघर. मी एकदा म्हटलं होतं ह्यांना, मी पण बसते पोरांत मागे. तर म्हणाले, तुला काय भांडी इंग्रजीत घासायचीयत? झालं. पण कानाला कुणी दार लावतं का? सिट डाऊन. स्टँड अप. कीप क्वाएट. गेट आऊट. शो मी युवर हँड. हे सगळं येतं मला, ह्यांच्याच आवाजात येतं. पट्टीचा आवाजही यायचा. मग मी तेच बोलायला लागले. सिट डाऊन म्हटलं की जेवायला बसतात. कीप क्वाएट म्हटलं की झोपतात. सोपं झालं हो सगळं. फक्त — काही नाही.

फक्त मी इंग्रजी बोलले की ते हात पुढे करतात. असा. तळवा वर. डोळे मिटून घेतात. मास्तर व्हायच्या आधी तेही कुणाचे तरी विद्यार्थी होतेच की. सासूबाई सांगायच्या, लहानपणी शाळेतून आला की हात सुजलेले असायचे, घास भरवावा लागायचा. तेव्हा मी मनात म्हणायचे, बरं झालं. आता तो हात रोज माझ्यासमोर येतो, पाण्याचा पेला दिला तरी येतो. मी त्यावर गोळी ठेवते. दुसरं काय करू? गोळी बघून आधी दचकतात, मग घेतात.

मारत नाही मी. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मुलानं विचारलं. परवा आला, न कळवता आला, आणि दारातूनच बघितलं त्यानं — बाप हात पुढे करून उभा, आणि मी गॅसपाशी, पाठ फिरवून. ओरडला नाही. ओरडला असता तर मी पुरून उरले असते. हळूच म्हणाला, आई, तू मारतेस बाबांना? रविवारी तो एका बाईंना घेऊन येणार आहे, आजारी माणसांना ठेवून घेतात त्या संस्थेतल्या. त्या बघणार, आणि ठरवणार. त्यांच्यासमोर ह्यांनी हात पुढे केला की संपलं. नेतील. तिथे कोण बोलेल ह्यांच्याशी, आणि काय बोलेल? मारलं नाही हो मी! तो हात फक्त — दूध तापेपर्यंत तसाच राहू दिला. म्हणजे मला दिसत होतं, मान वळवून बघत होते मी. हात खाली यायला लागला की परत वर करत होते, ते पण दिसत होतं. म्हटलं, राहू दे. जन्मभर दुसऱ्यांची पोरं इथे अशी उभी केलीत, राहा आता तुम्ही पण. आणि बरं वाटत होतं मला. अगदी गार वाटत होतं. हे मुलाला नाही सांगितलं. तुम्हाला तरी कशाला — बघा, जीभ म्हणजे नुसती...

दाखवा ते पुस्तक. हं, चित्रं छान आहेत. फळं झाली, जनावरं झाली. हे काय, शरीराचे भाग? हे पान नको. हाताचं चित्र नको. पुढे चला. हे काय? चेंडू पेटीत, चेंडू पेटीवर, चेंडू पेटीखाली — इन, ऑन, अंडर. हे बरंय. ह्यात कुणी कुणावर खेकसत नाही. मला अशीच वाक्यं हवीत, बाई, रविवारपर्यंत. धाक नसलेली. पहिलीच्या पोरांना असली वाक्यं शिकवतात ना? मग भिंतीपलीकडे ती कधी आली कशी नाहीत?

आले बघा हे. आवाज ऐकून आले. उठू नका, आहात तशाच राहा. थांबा, मीच विचारते. चित्रावर बोट ठेवू? व्हेअर इज द बॉल? — ऐकलंत? इन द बॉक्स, म्हणाले. बरोबर आहे ना? पेटीतच आहे की. आणि बघा. झाला हात पुढे. बरोबर सांगूनही! अहो, चुकलं नाही तुमचं, डोळे उघडा — ह्यांना काय कळणार माझं.

पोरी, अशी बघू नकोस माझ्याकडे. हेच तोंड करणार आहेत त्या बाई रविवारी. सांग मला, पोरानं बरोबर उत्तर दिलं की तुम्ही काय म्हणता वर्गात? — व्हेरी गुड? एवढंच? एवढं सोपं?

नाही. कधीच नाही आलं हे भिंतीतून. बाकी सगळं आलं, हे नाही. नाही नाही, तू नको म्हणूस. तू म्हणशील आणि तुझं ऐकतील, मग रविवारी मी तुला कुठून आणू? मीच म्हणते. व्हेरी... थांब. व्हेरी... मला कुणी म्हटलंय का कधी? एकदा तरी, कशाला तरी, एखाद्या भाजीला तरी? आणि मी ह्यांना म्हणायचं, तेही तुझ्यासमोर?

तू जा आता. पुस्तक राहू दे इथे. उद्याचं उद्या बघू. अगं जा ना, हात अवघडलाय त्यांचा, दिसत नाही? तू गेल्याशिवाय नाही यायचं ते माझ्या तोंडातून. जा, आणि जाताना दार लोटून घे.