मलम आधी आपल्या हाताले

माझ्या धाकट्या जावेनं, शेवंतानं, मले फसवलं. हे पहिले लिहा मास्तर, मग बाकीचं सांगते. मलम माझं, नाव माझं, अन् त्यात कच्चा मोरचूद कालवून तिनं जत्रेत विकलं. लिहिलं? वाचून दाखवा बरं. रागावू नका, मले वाचता येत नाही म्हणून विचारते. ज्याले वाचता येत नाही त्यानं दर ओळीले विचारावं, नाहीतर कागदावर काय चढलं ते त्याले कसं कळन?

मी आसेगावकडची. माय कापूस वेचाले जाये. बोंड उकललं का त्याच्या टरफलाले सुईवानी टोक येते, दिवसभर वेचलं का नखाच्या कडा चिरतात, अन् संध्याकाळी माय भाकरीच्या पिठात हात घाले तर मिठानं तिचा जीव जाये. आमच्या गावात एक नालबंद होता. बैलाच्या खुरीले भेग पडली का तो तिळाच्या तेलात राळ कढवे, त्यात मोरचूद टाके अन् ते भेगेत भरे, चार दिवसांनी बैल पुन्हा वखराले. मी उभी राहून पाहो. एक दिवस त्याले विचारलं, बैलाची भेग भरते तर माह्या मायची काहून नाही भरत? तो म्हणे, भाग पोट्टे, माणसाचं कातडं जळून जाईन. मी म्हटलं, मग कमी टाकू. तो हसला. पण मी खरंच कमी टाकलं. मोरचूद आधी तव्यावर पांढरा होईस्तोवर फुलवला, वस्त्रगाळ केला, अन् आधी आपल्याच हाताले लावून पाह्यला. हे पाहा, डाव्या कोपराच्या आतल्या अंगाले हे डाग. हा जास्त झाला तेव्हाचा, हा त्याहून जास्त झाला तेव्हाचा. अन् ही जागा कोरी दिसते ना, तिथं बरोबर जमला.

काय सांगू तुम्हाले, मलम करणं म्हणजे नुसतं कालवणं नाही. राळ तेलात विरघळली का ते गरम तेल फडक्यातून काशाच्या परातीत, थंड पाण्यावर गाळाचं, अन् मग तळहातानं फेटाचं. पाणी गढूळ होते, ते सांडाचं, नवं घ्याचं, पुन्हा फेटाचं, पाणी निवळ निघेस्तोवर. खांदा भरून येते. पण मग ते लोण्यावानी पांढरं होते, त्यात जराशी हिरवी झाक, मुगाच्या सालाची असते तशी. नायट्यासाठी दुसरं करो, त्यात करंजाचं तेल अन् गंधक. गंधक पहिले तुपात वितळवून दुधात गाळाचा, त्याशिवाय अंगाले लावाचा नाही.

सामान रिसोडच्या अत्तारचाचाच्या दुकानातून आणो. त्याच्याशी मी अशी भांडो का बाजार उभा राहून पाहे. गंधकाचा खडा मुठीत धरून कानाशी न्यावा, हाताच्या ऊबेनं तो कटकट बोलते, बोलला तर खरा. नायट्याच्या मलमात घालाचं मेण दाताखाली चावून पाहो. चाचा म्हणे, भाभी, तुमी तं दुकानच चावून पाहाल. मी म्हणो, चाचा, तुमचं दुकान कडू निघालं तर बोलू नका. पण खरं सांगते, त्या माणसानं मले खोटा माल कधी दिला नाही. मी तरी दर खेपेले पाहून घेतलं. इमान आपल्या जागी, खडा आपल्या जागी.

लग्नानंतर माझं मलम नावारूपाले आलं. पळसाच्या पानात पुडी, वरून लाल दोरा. वेचणीवाल्या बाया नेत, तांड्यावरच्या बाया नेत, अन् पोहरादेवीच्या जत्रेत तर माझ्याभोवती गर्दी होये. माझी एक रीत होती. गिऱ्हाईक समोर बसलं का त्याच्यादेखत पुडी सोडाची, पहिलं बोट आपल्या हाताले लावाचं, मग त्याच्या. लोक पुडी पाहून नाही घेत, मलमवालीचं कातडं पाहून घेतात.

मग धाकटी जाऊ आली. शेवंता. गोड बोले, बाई, तुमी दमता, मी फेटते. मी शिकवलं. पुरतं नाही शिकवलं, मोरचूद फुलवणं मी माझ्याच हाती ठेवलं. तेवढी अक्कल मले होती, पण जत्रेत तिले बसू दिलं. एका वर्षी मले हिवताप आला अन् ती एकटीच गेली. गिऱ्हाईक म्हणत, औषध हिरवंगार पाह्यजे, जितकं हिरवं तितकं जालीम. हे मलेही म्हणत, मी हाकलून देओ, हिरवंच पाह्यजे तर मेथीची भाजी बांध म्हणो. हिनं काय केलं, तर कच्चा मोरचूद कुटून मूठभर कालवला. मलम पोपटावानी हिरवं झालं अन् दुपारपर्यंत टोपली रिकामी.

सोनाबाई आमच्याच गावची, वेचणीतली सगळ्यात चलाख बाई. ती दोन्ही हात केळीच्या पानात गुंडाळून माझ्या दारात आली. बोटांची सालटं निघालेली. म्हणे, गिरजाबाई, तुझ्या नावावर इसवास ठेवला वं मी. पुढचा सारा हंगाम ती बाई घरी बसली, तिचे हात आजपावेतो सरळ होत नाहीत.

मले पहिला संशय चाचाचा आला. ताप अंगात, तरी रिसोड गाठलं अन् दुकानासमोर उभी राहून ओरडली, काय विकून राह्यले मले? तो चिडला नाही. बरणी पुढं ठेवली, म्हणे, माल वही है भाभी, चाखून पाहा. पण तुमच्या घरी मोरचूद भारीच खपून राह्यला आजकाल. जत्रेच्या आधी तुमची जाऊ नेऊन गेली ना. मी समजलो, तुमीच सांगतलं.

मी घरी आली, चुलीपाशी तिले धरलं. सोनाबाईकडची उरलेली पुडी पुढं टाकली. म्हटलं, शेवंता, माझी रीत तुले माहीत आहे, लाव आधी आपल्या हाताले. ती म्हणे, बाई, माझे हात पिठाचे आहेत. म्हटलं, धू. धुतले. मग म्हणे, बांगड्या आड येतात. तिचा हात पाठीमागं गेला मास्तर, मी डोळ्यानं पाह्यला. ज्याले माहीत नाही त्याचा हात मागं कायले जाईन?

गाव पारावर बसलं. दीर, शेवंताचा नवरा, म्हणे, घरच्या बायांचं भांडण आहे, दोघींनी धंदा बंद करा. पंचांनी मान डोलावली. आमचे हे म्हणे, जाऊ दे. सगळ्यांनी जाऊ दिलं. मी म्हणून राह्यली होती, तिच्या हाताले लावा, आत्ता कळन. एकानंही उठून पुडी सोडली नाही. मले तर वाटते, त्यातल्या दोघातिघांच्या घरी ते हिरवं मलम पडलेलं होतं, अन् आपण फसलो हे बोलायची त्यांले लाज वाटे.

आता ही इंग्रजाची लढाई सुरू आहे, म्हणतात सगळा गंधक बारुदीत जाते. नायट्याचं मलम तसंही होत नाही. पंचांच्या शब्दानं मी धंदा बंद केला, फक्त सोनाबाईपुरतं राळेचं मलम करते, दर अमावस्येले तिच्या बोटांले लावून येते. आधी माझ्या हाताले, मग तिच्या. ती वाकडी बोटं पुढं करते. शेवंता वेगळी राहते, बाजारात मलम घेऊन बसते, अन् लोकाले सांगते, ते मलम थोरलीनं केलं तसंच होतं, मी त्यात काही कालवलं नाही, मी बापडी नुसती विकाले गेली होती.

म्हणून तुम्हाले बोलावलं. हे लिहून झालं का पारावर मोठ्यानं वाचा, दीर असताना, पंच असताना. सोनाबाईची ती पुडी अजून माझ्यापाशी आहे, लाल दोऱ्यासकट, मोरचुदाले कीड लागत नाही. शेवंता, तू खरी असशीन तर ये, सोनाबाईच्या समोर बस, बांगड्या मागं सार अन् लाव आपल्या हाताले. अन् लावत नसशीन, तर पंचहो, तुमी सांगा, काहून लावत नाही ती?